पहिला भाग जातो कुठे? जुन्या पुस्तकांच्या दुकानात फँटसी शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बरेच दिवस जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फँटसी, म्हणजे जादू-अद्भुताच्या कादंबऱ्या शोधतोय. मालिकांचे दुसरे, तिसरे, पाचवे भाग ढिगाने दिसतात, पहिला भाग मात्र कुठेच नाही. मिळेल तो भाग घेऊन ठेवावा का? शोधण्याची काही पद्धत असते, की सगळा नशिबाचा भाग? आणि शेवटी ऑनलाइनच मागवायचं असेल तर एवढी पायपीट कशाला?"

मी या पुस्तकांचा वाचक तर आहेच, शिवाय बरीच वर्षं जुन्या पुस्तकांचे गठ्ठे सोडून, निवडून, किंमत लावून ती फळीवर मांडायचं कामही केलंय. त्यामुळे गल्ल्याच्या अलीकडून आणि पलीकडून दोन्हीकडून काय दिसतं ते सांगतो. उत्तर लांबेल.

आधी एक विचारतो. तुम्हाला फँटसी वाचायची आहे, की एखादी ठरावीक मालिका पुरी करायची आहे, की ठरावीक आवृत्त्या जमवायच्या आहेत? ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींसाठी दुकानात वेगळं वागावं लागतं. नुसतं वाचायचं असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानासारखी जागा नाही. जे समोर येईल त्यातून निवडायचं, एवढंच. मालिका पुरी करायची असेल तर हेच दुकान तिची सुरुवात करायला सगळ्यात वाईट आणि मधली भर घालायला सगळ्यात चांगलं. आवृत्त्या जमवणाऱ्याला बाकी कशापेक्षा माहिती लागते आणि घाई सोडावी लागते. तुमचं पत्र वाचून वाटतं की तुम्हाला मालिका पुरी करायची आहे, पण तुम्ही दुकानात फिरताय नुसत्या वाचकासारखे. चिडचिड तिथून होते.

आता पहिला भाग का नसतो ते पाहू. तो छापला जातो सगळ्यात जास्त. मालिका चालली की प्रत्येक नवा भाग बाजारात येताना पहिल्याचं पुनर्मुद्रण होतं. लोक तो विकतही घेतात, वाचतात, काहींना पुढे जावंसं वाटत नाही, ते तो काढून टाकतात. म्हणजे दुकानात पहिले भाग भरपूर येतात. पण ते थांबत नाहीत. पहिला भाग कोणीही घेऊ शकतो, त्यासाठी आधी काही वाचलेलं असावं लागत नाही. तिसरा भाग घेणारा मात्र पहिले दोन वाचलेला, तिसरा अजून न मिळालेला आणि त्याच दिवशी त्याच दुकानात आलेला माणूस हवा. असा माणूस क्वचित येतो, म्हणून तिसरा भाग फळीवर बसून राहतो. त्याच्या शेजारी दुसऱ्या घरातून आलेला आणखी एक तिसरा भाग येऊन बसतो. तुम्हाला जी फळी दिसते ती दुकानात काय येतं याची नव्हे, काय उरतं याची आहे.

हे एकदा पटलं की माझा पहिला सल्ला विचित्र वाटणार नाही: पहिला भाग नवा घ्या किंवा ग्रंथालयातून आणा. जुन्या दुकानात त्याच्यामागे वेळ घालवू नका. तो नव्याच्या दुकानात जवळजवळ नेहमी मिळतो, कारण प्रकाशक बाकीचे भाग संपू देईल, पण पहिला बाजारातून जाऊ देत नाही. तो वाचून मालिका आवडली, तर ज्या मधल्या भागांच्या ढिगाचा तुम्हाला राग येतोय तोच ढीग तुमच्या उपयोगाचा. जुनं-नवं मिसळलं तर संच एकसारखा दिसणार नाही, हे खरं. ते खुपत असेल तर तुम्ही तिसऱ्या जातीचे, म्हणजे आवृत्त्या जमवणारे आहात, आणि तुमच्यासाठी पुढे वेगळं लिहिलंय.

शेवटच्या भागांची गोष्ट निराळी. मालिका जसजशी लांबते तसतसे वाचक गळतात आणि पुढचे भाग कमी घरांत पोहोचतात. जे शेवटपर्यंत टिकतात ते निष्ठावान, ते पुस्तक सहजासहजी काढत नाहीत. बरेचदा त्यांनी शेवटचा भाग प्रसिद्ध झाल्या झाल्या हार्डबाउंडमध्ये घेतलेला असतो, म्हणून आधीच्या पेपरबॅकच्या रांगेत तो बसतही नाही. रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' घ्या: १९९० ते २०१३ या काळात १४ भाग. जॉर्डन २००७ मध्ये वारला आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसनने त्याच्या टिपणांवरून पुरे केले. अशा मालिकेचे दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे भाग मला पैशाला पासरी दिसलेत, बारावा-तेरावा क्वचित. म्हणून माझा स्वतःचा नियम असा: जी मालिका मी वाचतोय तिचा शेवटचा किंवा शेवटून दुसरा भाग बऱ्या अवस्थेत दिसला की घ्यायचा, मग मी अजून तिसऱ्यावर का असेना. मधला भाग घ्यायचा तो त्याच्या आधीचा हातात असेल तरच. 'पुढेमागे लागेल' म्हणून घेतलेले मधले भाग पुढेमागे कधीच लागत नाहीत, ते घरातली जागा खातात आणि एक दिवस पुन्हा त्याच दुकानात जातात. मिळेल तो भाग घेऊन ठेवावा का, याचं उत्तर तुमच्या ध्यानात आलं असेल.

आता शोधायच्या पद्धतीकडे येतो, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

पुस्तकं दुकानात एकेकटी येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. कोणी घर बदलतं, कोणाची मुलं मोठी होऊन निघून जातात, कोणी वारतं, आणि एका माणसाचं वर्षानुवर्षांचं वाचन खोक्यांत भरून दुकानात उतरतं. दुकानदार ते विषयवार किंवा लेखकवार फोडतो, पण पुरतं फोडत नाही. त्याला वेळ नसतो. त्यामुळे मी फळीसमोर उभा राहिलो की एखादं नाव शोधत नाही, गठ्ठ्याच्या खुणा शोधतो. एकाच काळातली, एकाच प्रकाराने पिवळी पडलेली, एकाच हाताने पहिल्या पानावर नाव घातलेली, एकसारखं प्लॅस्टिकचं कव्हर चढवलेली दोन पुस्तकं दिसली की समजायचं, याच घरातली आणखी पुस्तकं या दुकानात आहेत. ती कदाचित फँटसीच्या फळीवर नसतील, पण असतील. मग त्या खुणेचा माग काढत बाकीच्या फळ्या, जमिनीवरचे ढीग आणि अजून न फोडलेली खोकी बघायची. दुकानदाराला पुस्तक दाखवून "हे ज्या लॉटमध्ये आलं त्यातलं अजून काही आहे का?" एवढं विचारायचं. "फँटसी आहे का?" या प्रश्नाला तो फळीकडे बोट दाखवेल. लॉटबद्दल विचारलंत तर तो आठवू लागेल, कारण त्याने ती खोकी स्वतः उचललेली असतात.

हेच कारण आहे की माझ्या मते मालिकेचा पूर्ण संच मिळण्याची शक्यता एकेक भाग जमवण्यापेक्षा कमी नसते. ज्याने मालिका पूर्ण वाचली तो ती पूर्णच देतो. दुकानदाराने सुतळीने बांधून ठेवलेला संच असेल तर त्यातला एक भाग सुटा मागू नका, तो सहसा देणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. संच फुटला की उरलेल्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

फँटसीची फळी ही फँटसी असण्याच्या अनेक जागांपैकी एक. बहुतेक दुकानांत ती विज्ञानकथांमध्ये मिसळलेली असते, हे तुम्हाला माहीत असेल. पण खरा माल इतरत्र असतो. बालसाहित्याची फळी कधी चुकवू नका. सी. एस. लुईसची नार्नियाची सात पुस्तकं, ॲलन गार्नर, सुझन कूपर, डायना विन जोन्स हे सगळे तिथे सापडतात, आणि फँटसीचे मोठे वाचक संकोचाने तिथे वाकून बघत नाहीत, म्हणून ते तिथे टिकतात. उलट मर्विन पीकसारखा लेखक, ज्याच्या 'टायटस' मालिकेतली तीन पुस्तकं १९४६, १९५० आणि १९५९ मध्ये आली, तो बरेचदा सर्वसाधारण साहित्याच्या फळीवर प्रतिष्ठितांमध्ये बसलेला असतो. राजे, किल्ले, तलवारी असं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक ऐतिहासिक कादंबऱ्यांत जातं, काळं मुखपृष्ठ आणि लाल अक्षरं असली की भयकथांत. पुस्तक लावणाऱ्याने ते वाचलेलं नसतं. त्याने मुखपृष्ठ बघितलेलं असतं आणि पुढचं खोकं त्याची वाट बघत असतं. मीही असंच लावत होतो.

आडनावांचा घोळ वेगळाच. उर्सुला ल ग्विन कधी 'एल'खाली, कधी 'जी'खाली. लॉर्ड डन्सनी 'एल'खाली सापडतो, कारण लावणाऱ्याला 'लॉर्ड' हे नावच वाटतं. टोपणनावांचं तर विचारू नका. रॉबिन हॉब हे नाव १९९५ पासूनचं. त्याआधी त्याच लेखिकेने मेगन लिंडहोम या नावाने पुस्तकं लिहिलीत, आणि हॉबचे चाहते दुकानात हॉबच शोधत राहतात. आवडत्या लेखकाची इतर नावं घरूनच बघून जायची.

आकाराचंही लक्षात ठेवा. छोटी पेपरबॅक, साधारण १७-१८ सेंटीमीटर उंचीची, एका फळीवर दोन रांगांत लावतात. मागची रांग कोणी बघत नाही. मोठ्या आकाराची पेपरबॅक त्या फळीत मावत नाहीत म्हणून आडवी किंवा खालच्या फळीवर जातात. तेव्हा पुढची रांग हलवून मागे बघायचं (दुकानदाराला विचारून, आणि नंतर जशीच्या तशी लावून), आणि खाली बसायची तयारी ठेवायची. गुडघे दुखतात, हे आहेच.

पुस्तकाची पाठ, म्हणजे फळीवर दिसणारी कण्याची बाजू, वाचायची सवय झाली की वेळ फार वाचतो. प्रत्येक पुस्तक ओढून बघायची गरज नसते, प्रकाशकाची खूण लांबून कळते. बॅलन्टाइन या अमेरिकन प्रकाशकाची प्रौढांसाठीची फँटसी मालिका १९६९ ते १९७४ या काळात लिन कार्टरच्या संपादनाखाली निघाली. तिच्या मुखपृष्ठावर एकशिंगी घोड्याचं डोकं असतं. विसरल्या गेलेल्या कितीतरी जुन्या लेखकांना तिने परत छापलं. डन्सनीची १९२४ ची आणि होप मर्लीसची १९२६ ची कादंबरी पुढच्या पिढीच्या हातात पडली ती या मालिकेमुळे. ती खूण दिसली की लेखकाचं नाव ओळखीचं नसलं तरी मी पुस्तक हातात घेतोच. १९७१ मध्ये सुरू झालेल्या डीएडब्ल्यू या प्रकाशनाची सुरुवातीची पेपरबॅक पिवळ्या पाठीची. त्यांतली सगळी चांगली नाहीत, बरीच सुमार आहेत, पण आजच्या नव्याच्या दुकानात न मिळणारे लेखक तिथे भेटतात. गोलान्झ या ब्रिटिश प्रकाशकाची 'फँटसी मास्टरवर्क्स' ही २००० पासून निघालेली मालिका वाचायला सगळ्यात सोयीची. एकाच पुस्तकात बरेचदा अख्खी मालिका किंवा एका लेखकाच्या सगळ्या कथा असतात. एवढ्या तीन-चार खुणा डोळ्यात बसल्या तर फळीवरून नजर फिरवायला मिनिटं पुरतात.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठापेक्षा कॉपीराइटचं पान, म्हणजे छपाईची माहिती असलेलं सुरुवातीचं पान, आधी उघडा. फँटसीत हे पान इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त उपयोगी आहे, कारण एकच मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांत आणि नावांत फिरत असतो. रेमंड फीस्टची 'मॅजिशियन' १९८२ मध्ये एक पुस्तक म्हणून आली, नंतर अमेरिकेत पेपरबॅकमध्ये तिचे दोन भाग झाले. जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स' २००० ची, ब्रिटिश पेपरबॅकमध्ये ती दोन पुस्तकांत विभागली. टॅड विल्यम्सच्या त्रयीचा १९९३ मधला शेवटचा भाग इतका जाड होता की पेपरबॅकमध्ये त्याचीही दोन पुस्तकं झाली, म्हणून ती 'त्रयी' फळीवर चार पुस्तकांची दिसते. उलट जीन वुल्फची 'द बुक ऑफ द न्यू सन' मुळात चार पुस्तकांची, पण दोन जोडखंडांतही, म्हणजे दोन-दोन पुस्तकं एकत्र बांधलेली, मिळते. फिलिप पुलमनचं १९९५ चं पुस्तक ब्रिटनमध्ये 'नॉर्दर्न लाइट्स' आणि अमेरिकेत 'द गोल्डन कंपास'. म्हणजे तुमच्याकडे नसलेला भाग समजून तुम्ही असलेलाच भाग घेऊ शकता, किंवा अर्धा भाग पूर्ण समजून घेऊ शकता. मुखपृष्ठावर 'भाग पहिला' लिहिलेलं असेल तर तो मालिकेचा पहिला की तिसऱ्या खंडाचा पहिला, हे आत बघूनच कळतं.

पाठीवरच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास नको. नार्नियाची पुस्तकं १९५० पासून ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली तो एक क्रम, आणि कथेतल्या काळानुसार लावलेला दुसरा. नंतरच्या आवृत्त्यांवर दुसऱ्या क्रमाचे आकडे आहेत. त्यामुळे जुन्या आणि नव्या छपाईत 'एक' आकडा दोन वेगळ्या पुस्तकांवर सापडतो. ल ग्विनची 'अर्थसी' १९६८, १९७१ आणि १९७२ च्या तीन पुस्तकांवर थांबली असं सगळे समजत होते, म्हणून जुन्या जोडखंडांवर 'त्रयी' असं छापलेलं आहे. मग १९९० मध्ये चौथं आलं, आणि २००१ मध्ये आणखी दोन. जुनी 'संपूर्ण' त्रयी घेणाऱ्याला निम्मीच मालिका मिळते. कॉपीराइटचं साल बघितलं की हे लगेच समजतं.

त्याच पानावर खाली आकड्यांची एक ओळ असते, दहापासून एकपर्यंत किंवा उलटसुलट क्रमाने. त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई. तीन असेल तर तिसरी. नुसतं वाचणाऱ्याला याचं काही नाही. जमवणाऱ्याला आहे, आणि त्यातही अपवाद आहेत. रँडम हाउसने बरीच वर्षं पहिल्या छपाईवर 'फर्स्ट एडिशन' असं लिहून आकडे मात्र दोनपासून सुरू केले होते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, १३ आकडी असेल तर ती छपाई साधारण २००७ च्या आसपासची किंवा नंतरची, दहा आकडी असेल तर त्याआधीची, आणि अजिबात नसेल तर बहुधा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याहून जुनी. एवढा अंदाज पुरतो.

हार्डबाउंड जमवणाऱ्याने बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, प्रती ओळखायला शिकावं. आकार थोडा लहान, कागद हलका, जॅकेटच्या (वरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या) आतल्या घडीवर किंमत छापलेली नाही. अमेरिकेतला सायन्स फिक्शन बुक क्लब १९५३ पासून अशा प्रती काढत होता. लोक त्यांना नाक मुरडतात. मला वाचायला त्या आवडतात, कारण काही मालिका पुठ्ठाबांधणीत, जोडखंडांत मिळतात त्या फक्त तिथेच. रॉजर झेलाझ्नीच्या 'अँबर' या मालिकेतली पहिली पाच पुस्तकं या क्लबने दोन खंडांत दिली होती. फक्त पहिली आवृत्ती समजून पहिल्या आवृत्तीची किंमत देऊ नका.

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. १९६५ मध्ये एस बुक्स (Ace) या अमेरिकन प्रकाशकाने लेखकाच्या परवानगीशिवाय तिची पेपरबॅक काढली. मग बॅलन्टाइनने त्याच वर्षी अधिकृत आवृत्ती आणली, तिच्या मलपृष्ठावर टोल्किनचं निवेदन आहे की जिवंत लेखकाचा मान ठेवणाऱ्यांनी हीच घ्यावी. दोन्ही अजून जुन्या फळ्यांवर फिरताना दिसतात. जमवणाऱ्याला दोन्ही हव्या असतात, वाचणाऱ्याने कोणतीही चांगली नंतरची आवृत्ती घ्यावी, कारण टोल्किनने १९६५ मध्ये मजकुरात दुरुस्त्या केल्या होत्या.

पुस्तकाच्या अवस्थेबद्दल. किती सहन करायचं हे तुमच्यावर आहे. मला पिवळी पानं, दुमडलेले कोपरे, पहिल्या पानावरचं कोणाचं नाव, हे सगळं चालतं. स्वस्त लगद्याचा कागद पिवळा पडणारच, त्यावर उपाय नाही. पण फँटसीची काही खास दुखणी आहेत. जाड पेपरबॅक: सात-आठशे पानांचं, डिंकाने चिकटवलेलं पुस्तक जुनं झालं की डिंक सुकून ठिसूळ होतो. पाठीवर उभ्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर ते मधोमध उघडून बघा, पण हळूच. पानांचा जुडगा सुटत असेल तर तो वाचताना हातात येणार. नकाशे: सुरुवातीच्या पानांवरचे किंवा घडी घालून चिकटवलेले नकाशे लोक फाडून नेतात, आणि नकाशाशिवाय काही मालिका वाचणं खरोखर अवघड आहे. शेवटची पानं: पहिलं पान गेलं तर चालेल, शेवटचं गेलं तर पुस्तकच गेलं. मी अनुक्रमणिका आणि शेवटचा पृष्ठक्रमांक जुळवून बघतो. परिशिष्टात नावांची यादी असेल तर तीही. मुखपृष्ठच नसलेली अमेरिकन पेपरबॅक मात्र टाळा. न विकलेल्या प्रतींचं मुखपृष्ठ फाडून परत पाठवायचं आणि पुस्तक नष्ट करायचं अशी तिथली पद्धत आहे. ती प्रत नष्ट व्हायला हवी होती, ती कोणीतरी विकली आहे, आणि लेखकाला तिचा काहीच मोबदला मिळालेला नाही.

वास घ्या. दमट, बुरशीचा वास येत असेल तर कितीही दुर्मिळ असो, ठेवून द्या. तो वास जात नाही आणि शेजारच्या पुस्तकांना लागतो. पाठीच्या आतल्या खाचेत बारीक भुसा किंवा भोकं दिसली तर कसर आहे किंवा होती. असं पुस्तक घ्यायचंच असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. घरातल्या फळीवर ठेवायचं ते यानंतरच.

आवृत्त्या जमवणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की संच कोणत्या मुखपृष्ठांचा हवा ते आधी ठरवा आणि कागदावर लिहा. टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डच्या ४१ कादंबऱ्या १९८३ ते २०१५ या काळातल्या. ब्रिटिश आवृत्त्यांची मुखपृष्ठं २००१ पर्यंत जॉश कर्बीची, तो वारल्यावर पॉल किडबीची. कर्बीचा पूर्ण संच असं काही असूच शकत नाही, हे न कळता शोधणारे लोक मी पाहिलेत. आणि प्रॅचेटचं नाव निघालंच आहे तर: मालिका सुरू करायची आणि पहिल्या भागाची वाट बघायची नाही, असं हवं असेल तर डिस्कवर्ल्डसारखी मालिका धरा, जिची बहुतेक पुस्तकं एकटी वाचता येतात. जुन्या दुकानाला साजेशी मालिका ती. नाहीतर एकाच खंडात संपणाऱ्या कादंबऱ्या घ्या. फँटसी म्हणजे दहा भाग हा समज अलीकडचा आहे, बॅलन्टाइनच्या त्या एकशिंगी खुणेखालची कितीतरी पुस्तकं एकटीच आहेत.

दुकानदाराशी ओळख किती उपयोगी पडते हे दुकानावर अवलंबून आहे. मोठ्या दुकानात रोज वेगळा माणूस बसत असेल तर नाही. एकच माणूस खरेदी आणि मांडणी करत असेल तर फार. त्याला लेखकांची पाच-सहा नावं मोठ्या अक्षरांत लिहून द्या. 'फँटसी' हा शब्द नको, तो त्याच्या कामाचा नाही. नवा माल कोणत्या दिवशी फुटतो ते विचारा आणि दुसऱ्या दिवशी जा. त्याच दिवशी गेलात तर तो कामात असतो आणि तुम्ही त्याच्या पायात येता. तुमचे नको असलेले मधले भाग त्याला परत द्यायला न्या. त्याला त्यांची हौस नसेल, पण देणारा माणूस त्याच्या लक्षात राहतो. आणि त्याने खास तुमच्यासाठी बाजूला काढलेलं पुस्तक फार महाग किंवा अगदी फाटकं नसेल तर घ्या, दोनदा नाही म्हटलंत की तिसऱ्यांदा तो काढून ठेवत नाही.

ऑनलाइनबद्दल विचारलंत. मी ऑनलाइन घेतो ते एकच: संचातला शेवटचा अडलेला भाग. सगळं तिथूनच घेतलं तर प्रत्येक पुस्तकामागे पोचवण्याचा खर्च लागतो, आणि ज्याचं नावच तुम्हाला माहीत नाही ते पुस्तक तिथे भेटत नाही. माझे आवडते निम्मे लेखक मला शेजारच्या पुस्तकाकडे हात नेताना मिळालेत. ऑनलाइन घेताना विक्रेत्याने लावलेलं चित्र त्याच प्रतीचं आहे असं धरू नका, ते बरेचदा आयएसबीएनवरून आपोआप येतं. त्याच्याकडून त्या प्रतीचेच चार फोटो मागवा: पाठीचा, कॉपीराइटच्या पानाचा, नकाशाच्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा. हे फोटो द्यायला जो कंटाळा करतो त्याच्याकडून घेऊ नका. आणि तुमच्या मालिकेचा शेवटचा भाग अजून आलेलाच नसेल, तर तो शोधण्यात अर्थ नाही. मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट आम्ही सगळेच बघतोय.